कोबीचा रस आणि दहापैकी शून्य

मंडळी, या शनिवारचा विषय नेहमीपेक्षा जरा वेगळा आहे. निमित्त घरचंच.

माझ्या मावसबहिणीच्या पॅप तपासणीत गर्भाशयाच्या मुखाच्या पेशींमध्ये काही बदल दिसले. पुढच्या तपासणीनंतर रिपोर्ट आला, 'सीआयएन १'. म्हणजे कर्करोग नव्हे, त्याच्या बऱ्याच आधीची सौम्य पायरी. डॉक्टर म्हणाले, औषध नको, वर्षभराने पुन्हा बघू. मावशीला हे 'नुसतं बघू' काही पटलं नाही. तिने कुठेतरी वाचून बहिणीला रोज सकाळी कोबीचा रस सुरू केला. वर्षाने रिपोर्ट स्वच्छ! सगळ्यांना हायसं वाटलं.

मागच्या आठवड्यात मावशीचा फोन आला. "अरे, आमच्या शेजारच्यांच्या सुनेला पण तेच निघालंय. तीन नंबरचं म्हणे. डॉक्टर छोटं ऑपरेशन सांगतायत. मी म्हटलं थांब जरा, आधी महिनाभर रस घेऊन बघ."

तीन नंबर ऐकून माझ्या पोटात गोळा आला. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. पण दोन रात्री जागून या कोबीचा इतिहास वाचून काढला.

पहिली गोष्ट म्हणजे कोबी ही निव्वळ अफवा नाही. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली चिरली किंवा चावली की त्यातून इंडोल-३-कार्बिनॉल नावाचा पदार्थ तयार होतो. जठरातल्या आम्लात त्याचं डीआयएम नावाच्या दुसऱ्या रसायनात रूपांतर होतं. त्याचा इस्ट्रोजेनच्या विघटनावर परिणाम होतो. १९९९ साली हा पदार्थ उंदरांना देऊन पाहिला. उंदीर मुद्दाम तयार केलेले, त्यांच्यात एचपीव्ही विषाणूची जनुकं घातलेली. (माणसात हे सगळे बदल घडवणारा विषाणू तोच.) साधं खाणं मिळालेल्या २५ उंदरांपैकी १९ जणांना कर्करोग झाला, इंडोल मिळालेल्या २४ पैकी फक्त २ जणांना.

मग २००० साली अमेरिकेत मारिया बेल आणि सहकाऱ्यांनी सीआयएन २ आणि ३ असलेल्या ३० स्त्रियांवर चाचणी केली. काहींना हे औषध, काहींना प्लासिबो म्हणजे औषधासारखी दिसणारी पण आत औषध नसलेली गोळी. मुदत १२ आठवडे. शेवटी हिशेबात २७ जणी धरल्या. रोज २०० मिलिग्रॅम घेणाऱ्या ८ पैकी ४ जणींचे बदल पूर्ण गेले, ४०० वाल्या ९ पैकी ४ जणींचे. प्लासिबोवाल्या १० पैकी शून्य.

वाचताना आधी माझीही कळी खुलली. पण नंतर त्या शून्यापाशीच अडलो. आपल्याकडे एखादा बग कधी येतो, कधी येत नाही. आपण एक ओळ बदलतो, बग दिसेनासा होतो आणि आपण कॉलर ताठ करतो. हे बदलही तसेच. शरीर बऱ्याचदा एचपीव्हीला स्वतःच हाकलून लावतं आणि पेशी पूर्ववत होतात. मग उपचार न मिळालेल्या दहांपैकी एकही आपोआप बरी होऊ नये? दहाच जणी असल्या की असा योगायोग सहज घडतो.

पण मग उपचारच केला नाही तर नेमकं काय होतं, हे कळणार कसं? याचं उत्तर फार महागात मिळालंय. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमध्ये १९६६ पासून डॉ. हर्बर्ट ग्रीन यांनी पुढच्या पायरीचे बदल असलेल्या कित्येक स्त्रियांवर पुरेसा उपचार केलाच नाही. या बदलांतून कर्करोग होत नाही अशी त्यांची खात्री होती. आपण कुठल्या प्रयोगात आहोत हे त्या बायकांना माहीतच नव्हतं. १९८७ साली सँड्रा कोनी आणि फिलिडा बंकल यांनी हे प्रकरण मासिकातून बाहेर काढलं, न्यायाधीश सिल्व्हिया कार्टराइट यांची चौकशी बसली. पुढे २००८ मध्ये संशोधकांनी जुने कागद तपासले. फक्त तुकडा तपासणीला घेऊन सोडून दिलेल्या १४३ जणींमध्ये ३० वर्षांत कर्करोगाचं प्रमाण ३१ टक्के निघालं. नीट उपचार मिळालेल्यांमध्ये ०.७ टक्के.

हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचायला हवा. शंभरातल्या सत्तरेक जणींना कर्करोग झाला नाही, म्हणून कोणताही रस गुणकारी ठरू शकतो. आणि तीस जणींना झाला, म्हणून रसावर विसंबून थांबता येत नाही.

तर मग चाचणी करायची कशी? जिथे वाट पाहणं तसंही सुरक्षित असतं, अशा सौम्य बदलांवर, ठराविक मुदतीत आणि भरपूर संख्येने. वेल्समध्ये नेमकं हेच केलं. निष्कर्ष २०१२ साली आले. ५५१ स्त्रिया, सहा महिने, रोज १५० मिलिग्रॅम डीआयएम किंवा प्लासिबो, शेवटी सगळ्यांची दुर्बिणीने तपासणी. सीआयएन २ किंवा त्यापुढचे बदल डीआयएमवर ९ टक्के, प्लासिबोवर १२ टक्के. नुसत्या योगायोगानेही पडेल इतकाच फरक. आणि रोगाची कुठलीच खूण न उरलेल्या? डीआयएमवर २७ टक्के, प्लासिबोवर ३४! कोबीचा निकाल लागला.

हळदीचीही अशीच एक गोष्ट आहे. कोलकात्यातली चाचणी, २०१३. यात एचपीव्ही असलेल्या, पण पुढच्या पायरीचे बदल नसलेल्या स्त्रिया होत्या. हळद, आवळा, रिठा, कोरफड यांचं 'बसंत' नावाचं मलम योनीमार्गात लावल्यावर ८७.७ टक्के जणींचा विषाणू गेला. नुसत्या करक्युमिनवर ८१.३. आणि प्लासिबोवर? ७३.३ टक्के! मलमाचा फरक खरा असावा, तो मोठ्या चाचणीत तपासण्यासारखा आहे. पण प्लासिबोचा गट नसता तर करक्युमिनच्या ८१ टक्क्यांवर आपण दिवाळी साजरी केली असती.

हे सगळं मावशीला फोनवर सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती.

"म्हणजे हिला रसाने गुण आला नाही?"

"सांगता येत नाही गं मावशी. रस न घेतलेली दुसरी बहीण आपल्याकडे कुठे होती?"

"मग त्या पोरीला काय सांगू?"

"ऑपरेशन पुढे ढकलू नको म्हणावं. रस काय, नंतरही पिता येईल."

संध्याकाळी मावशी स्वतः शेजारी जाऊन आली. तारीख ठरली आहे. बहिणीलाही बजावलंय, एक रिपोर्ट स्वच्छ आला म्हणून पुढची तपासणी चुकवायची नाही.

असो. कोबीची भाजी मात्र आमच्याकडे चालू आहे. ती चवीला चांगली असते, एवढं कारण पुरे.