जीपमधली दुसरी बॅटरी

मोटारीतल्या बॅटरीचे मुख्य काम इंजिन सुरू करण्याचे. गॅरेजच्या बोलीत ज्याला ‘सेल्फ’ म्हणतात तो स्टार्टर फिरतो तेव्हा दोन-चार सेकंदांपुरती शे-दोनशे अँपिअर वीज ओढतो. इंजिन धरले की डायनमो किंवा अल्टरनेटर ही झीज भरून काढतो. या कामासाठी बॅटरीत शिशाच्या पातळ पण पुष्कळ प्लेटा घातलेल्या असतात. थोडा वेळ भरपूर वीज देणे त्यांना जमते. तासन्‌तास थोडी थोडी वीज देत पार रिकामे होणे मात्र सोसत नाही. अशी बॅटरी वरचेवर तळाला गेली की ‘बसते’. म्हणून गाडी उभी ठेवून तिच्यावर दिवा, भोंगा किंवा वायरलेस चालवायचा असेल, तर त्या कामाला वेगळी बॅटरी जोडतात.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा हा अशा कामांचा मुलूख आहे. वैनगंगेच्या खोऱ्यात धानाच्या बांध्या (बांध घातलेली शेते), बोड्या (लहान तळी) आणि मामा म्हणजे माजी मालगुजारी तलाव; सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या भागांत दाट जंगल. पावसाळ्यात बांध्यांमधून जाणाऱ्या कच्च्या वाटेवर मागच्या दोन चाकांनी ओढणारी गाडी रुतते आणि चारही चाकांना जोर असलेली जीप निघून जाते. जिथे अशी जीप लागते तिथे विजेचा खांब सहसा जवळ नसतो. त्यामुळे जीपकडे माणसे वाहण्याबरोबर वीज पुरवण्याचे कामही आले.

जीपमध्ये जादा बॅटरी आली ती लष्करामुळे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीपगाड्या बनवल्या. त्यांची विजेची व्यवस्था ६ व्होल्टची होती. ब्रिटिश फौजेचा ‘नंबर १९’ हा वायरलेस संच मात्र १२ व्होल्टवर चाले. त्यामुळे वायरलेसच्या जीपमध्ये संचासाठी वेगळ्या बॅटऱ्या ठेवाव्या लागत. शिवाय गाडी झाडीत लपवून, इंजिन बंद ठेवून संदेश ऐकायचे असत. इंजिनाचा आवाज झाला तर लपण्याला अर्थ उरत नसे. पुढे १९५० मध्ये अमेरिकी सैन्यासाठी निघालेल्या एम-३८ जीपमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्टची व्यवस्थाच कारखान्यातून केलेली होती. 

दुसरे महायुद्ध संपल्यावर उरलेल्या लष्करी गाड्या लिलावात निघाल्या आणि जीप नागरी हातांत आली. १९४५ मध्ये स्थापन झालेली महिंद्र अँड मोहम्मद कंपनी १९४८ मध्ये महिंद्र अँड महिंद्र झाली. मुंबईत माझगावला विलीजच्या सुट्या भागांतून जीपची जुळणी सुरू झाली. बॅटऱ्याही देशात बनू लागल्या. आज एक्साइड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपनीचा पहिला कारखाना १९४६ मध्ये बंगालमधील श्यामनगरला आणि दुसरा १९६९ मध्ये पुण्याजवळ चिंचवडला निघाला. कालांतराने जीप ६ व्होल्टवरून १२ व्होल्टवर आली. भोंग्याचे अॅम्प्लिफायरही १२ व्होल्टवर चालणारे मिळत असल्याने जीपचा आणि ध्वनिक्षेपकाचा मेळ सहज बसला.

निवडणुकीचा प्रचार हा या जोडीचा मोठा हंगाम. टपावर दोन दिशांना तोंड केलेले दोन भोंगे, पुढच्या सीटवर माइक घेऊन बसलेला माणूस, मागच्या हौद्यात अॅम्प्लिफायर आणि त्याच्याशेजारी लाकडी खोक्यात बॅटरी, असा तो सरंजाम असे. गाडी चालू असताना वेगळी बॅटरी कशाला, याचे उत्तर डायनमोत आहे. जुना डायनमो इंजिन मंद फिरत असताना जवळजवळ काहीच वीज देत नाही. बॅटरी उलट त्याच्यात रिकामी होऊ नये म्हणून ‘कटआऊट’ त्या वेळी जोडणी तोडतो. प्रचाराची जीप तर माणसाच्या चालीने गावातून फिरते. म्हणजे इंजिन चालू असूनही दिवसभर बॅटरी उतरतच राहते. चाळीस वॅटचा अॅम्प्लिफायर पाच-सहा अँपिअर ओढतो. साठ अँपिअर-तासांची बॅटरी अर्धी वापरायची म्हटले तर पाच-सहा तास निघतात. संध्याकाळी ती उतरवून चार्जिंगच्या दुकानात द्यायची आणि रात्रभर भरून सकाळी पुन्हा हौद्यात ठेवायची.

निवडणूक पाच वर्षांनी येते. झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या जंगलपट्टीची, मंडई ही जत्रा दरवर्षी. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, दंडार हे लोकनाट्य आणि नाटके रात्र रात्र चालतात, आणि त्यांची हाळी आसपासच्या गावांत भोंग्याची गाडी देते. पुढे १९८७-८८ मध्ये दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू असताना वीज नसलेल्या किंवा वीज जाणाऱ्या गावांत ट्रॅक्टरची नाहीतर जीपची बॅटरी काढून कृष्णधवल टीव्हीला जोडत. एकच बॅटरी असलेल्या गाडीला मग मालिका संपल्यावर धक्का मारावा लागे.

जंगलातला वापर वेगळा होता. शिकारीच्या काळात जीपवरून प्रखर दिवा फिरवून जनावराचे डोळे हेरण्याची रीत देशभर होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर दिवा राहिला, पण तो वनखात्याच्या रात्रगस्तीच्या हातात गेला. नागझिरा १९७० मध्ये अभयारण्य झाले, नवेगाव १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान, आणि डिसेंबर २०१३ मध्ये दोन्हींचा समावेश असलेला व्याघ्र प्रकल्प झाला. नागझिऱ्याच्या पर्यटक संकुलात वर्षानुवर्षे वीजजोडणी नव्हती. दबा धरून बसलेल्या गस्तीलाही वायरलेसच्या गाडीसारखेच इंजिन बंद ठेवावे लागते. ५५ वॅटचे दोन दिवे लावले तर नऊ अँपिअर जातात. साठ अँपिअर-तासांच्या बॅटरीतला निम्मा साठा सव्वातीन तासांत संपतो. पोलिसांच्या गाड्यांतला वायरलेसही इंजिन बंद असताना चालूच ठेवावा लागतो.

बॅटरी उतरणे पेट्रोलच्या जुन्या जीपमध्ये फारसे भयाचे नव्हते. समोरून हँडल घालून दोन-तीन झटके दिले की इंजिन धरे. डिझेल जीप आल्या आणि ही सोय गेली. डिझेल इंजिनात हवा वीसेक पट दाबली जाते. ते हाताने फिरवणे सहसा शक्य नसते. सेल्फला जास्त वीज लागते, थंडीत ग्लो प्लग तापवायलाही लागते. डांबरी रस्त्यावर चार माणसे धक्का देऊन काम भागते. पण चिखलात रुतलेल्या किंवा चढावर नाक करून उभ्या असलेल्या गाडीला धक्का देऊन उपयोग नसतो. इथून दुसऱ्या बॅटरीचा अर्थ बदलला. पूर्वी ती फक्त जादा वीज होती. आता पहिली बॅटरी राखणे हे तिचे मुख्य काम झाले.

त्याबरोबर जोडणीची तऱ्हाही बदलली. सुरुवातीला दोन्ही बॅटऱ्या स्वतंत्र असत आणि दुसरी बाहेर भरून आणत. मग गाडीनेच दोन्ही भराव्यात म्हणून मध्ये हाताचा स्विच आला. गाडी चालू असताना जोडायचा, थांबताना तोडायचा. तोडायला विसरले की दोन्ही बॅटऱ्या एकदम उतरत. त्यावर सोलेनॉइड रिले हा उपाय निघाला. किल्ली फिरवली की जोडणी, बंद केली की तोड. डायोडचा मार्गही वापरात आला, पण साध्या डायोडमध्ये अर्ध्या व्होल्टहून जास्त दाब खर्ची पडतो आणि बॅटरी पुरती भरत नाही. त्यानंतर व्होल्टेज पाहून चालणारे रिले आले. अल्टरनेटरने दाब साधारण १३.३ व्होल्टपर्यंत नेला की ते जोडतात, १२.८ च्या खाली आला की तोडतात. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा ही गाड्यांच्या धुराची मानके लागू झाली. नव्या गाड्यांतले अनेक अल्टरनेटर इंधन वाचवण्यासाठी अधूनमधून दाब मुद्दाम उतरवतात, त्यामुळे असा रिले गोंधळतो. अशा गाड्यांत दुसऱ्या बॅटरीसाठी डीसी-टू-डीसी चार्जर लावतात. येणारा दाब कितीही असो, तो बॅटरीला हवा तेवढाच देतो.

बसवण्याचे काम दिसायला सोपे, पण त्यात खोच जागेची असते. विलीजच्या जुन्या घडणीत चालकाच्या सीटखाली पेट्रोलची टाकी आहे. ठिणगीचे काम तिथून दूर हवे. बॉनेटखाली जागा असली तरी शेजारी तापलेले इंजिन असते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या पूर्व विदर्भात त्या उष्णतेने बॅटरीचे पाणी लवकर आटते आणि आयुष्य घटते. म्हणून मागच्या हौद्यात लोखंडी चौकट वेल्ड करून, रबराचे तुकडे घालून, वरून पट्टी कसून बॅटरी बसवतात. पट्टी सैल राहिली तर जंगलातल्या दगडी वाटेवर बॅटरी उसळून प्लेटा तुटतात. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, म्हणून बंद खोक्याला वाट ठेवावी लागते. जोडवायर दोन्ही टोकांना बॅटरीपासून वीतभर अंतरातच फ्यूजमधून न्यायची, कारण मध्ये कुठे वायर घासून पत्र्याला लागली तर दोन्ही बाजूंनी वीज येते. जोडताना आधी धन टोक, शेवटी अर्थिंग. काढताना याच्या उलट. अर्थिंगची वायर रंग खरवडून उघड्या लोखंडावर कसली नाही तर नवी बॅटरीही मरगळलेली वाटते. विश्रांती दिलेल्या बॅटरीवर मल्टिमीटर १२.६ च्या आसपास दाखवतो तेव्हा ती भरलेली, १२ च्या खाली गेला की रिकामी समजायची.

नागझिऱ्याच्या चोरखमारा आणि मंगेझरी या प्रवेशद्वारांतून पर्यटक नेणाऱ्या जिप्सी गाड्यांना एक बॅटरी पुरते. दोन-चार तासांच्या फेरीत इंजिन वारंवार चालू होते. विंच, म्हणजे रुतलेली गाडी ओढून काढणारे यंत्र, बसवलेल्या गाडीचे तसे नाही. पूर्ण भाराखाली विंच तीन-चारशे अँपिअर ओढतो, म्हणजे रुतलेली गाडी बाहेर काढता काढता एकच बॅटरी पार उतरू शकते. मुक्कामाला निघणाऱ्या गाड्यांत फ्रीज, कॅमेऱ्याचे चार्जर आणि तंबूतला दिवा दुसऱ्या बॅटरीवर असतो. तिथे आता जाड प्लेटांची डीप सायकल बॅटरी किंवा लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी वापरतात. लिथियमची बॅटरी वजनाने शिशाच्या बॅटरीच्या निम्म्याहून हलकी असते आणि तिच्यातली बरीचशी वीज निर्धास्त वापरता येते. टपावरचे सौर पॅनेल गाडी उभी असतानाही ती भरत ठेवते.

शिशाची बॅटरी निकामी झाल्यावर तिचा व्यवहार संपत नाही. दुकानदार जुनी घेऊन नवीच्या किमतीत सूट देतो. २००१ च्या बॅटरीविषयक नियमांनी जुनी बॅटरी परत घेणे बंधनकारक केले. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती जबाबदारी उत्पादकांवर टाकली आणि लिथियमसह सर्व प्रकारच्या बॅटऱ्या त्यात आणल्या. परत गेलेले शिसे वितळवून त्याच्या पुन्हा प्लेटा होतात.