खरेदीपूर्व पारख आणि साधनचिकित्सा : कुरुळी–चाकण परिसराच्या संदर्भात व्हिंटेज मोटारीचा एक अभ्यास

प्रस्तावना

पुणे–नाशिक महामार्गाने मोशी ओलांडून इंद्रायणीच्या पलीकडे गेले की चिंबळी आणि त्यापुढे कुरुळी लागते. खेड तालुक्यातील हे गाव चाकणच्या उंबरठ्यावर वसलेले आहे. चाकणचे नाव मराठ्यांच्या इतिहासात अजरामर झाले ते 1660 मध्ये फिरंगोजी नरसाळा यांनी शाइस्तेखानाच्या फौजेविरुद्ध संग्रामदुर्ग झुंजविला म्हणून. आज हेच नाव मोटारीच्या कारखान्यांशी जोडले जाते. बजाज ऑटोचा कारखाना येथे 1999 मध्ये, मर्सिडीज-बेंझ आणि फोक्सवॅगनचे 2009 मध्ये, तर महिंद्रचा 2010 मध्ये सुरू झाला. त्याआधी पिंपरी-चिंचवड येथे टेल्को, आकुर्डी येथे बजाज अशी ही औद्योगिक मालिका साठच्या दशकापासूनच विस्तारत आली होती. प्रत्येक सुट्या भागावर क्रमांक कोरणारी आणि तो यंत्राने तपासून पाहणारी अशी ही भूमी आहे.

मात्र याच परिसरातील एखादी व्यक्ती पन्नास-साठ वर्षांपूर्वीची मोटार विकत घ्यावयास निघाली, तर कारखान्यातील ही तपासणीव्यवस्था तिच्या उपयोगी पडत नाही. गाडी बनविणारी कंपनी अनेकदा अस्तित्वात नसते, नोंदवह्या जीर्ण झालेल्या असतात आणि विक्रेत्याजवळ सांगण्यासारखी एक मोठी कहाणी असते. अशा प्रसंगी खरेदीदाराला जे करावे लागते ते इतिहाससंशोधकाच्या कामाहून वेगळे नाही. जुन्या मोटारीची पारख म्हणजे एका अर्थाने साधनचिकित्साच होय, हे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

‘व्हिंटेज’ या संज्ञेचा प्रश्न

प्रथम संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण बाजारात ‘व्हिंटेज’ हा शब्द कोणत्याही जुन्या गाडीला सढळपणे लावला जातो. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे फिवाच्या वर्गीकरणानुसार 1919 ते 1930 या काळात बनलेली गाडीच व्हिंटेज ठरते. 1905 ते 1918 मधील गाड्यांना ‘व्हेटरन’ आणि 1931 ते 1945 मधील गाड्यांना ‘पोस्ट-व्हिंटेज’ म्हटले जाते. भारतातील कायद्याची दृष्टी वेगळी आहे. केंद्र शासनाने जुलै 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून अधिक जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना व्हिंटेज मानले. पहिली व्याख्या कालखंडाची आहे, तर दुसरी वयाची. कालखंड स्थिर राहतो. वय दरवर्षी वाढत जाते. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातील फियाट गाडीला 1974 मध्ये ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. त्या नावाच्या पहिल्या गाड्यांनी 2024 मध्ये पन्नाशी गाठली आणि भारतीय नियमाच्या दृष्टीने त्या व्हिंटेजच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. फिवाच्या लेखी मात्र त्या व्हिंटेज कधीच होणार नाहीत. विक्रेता कोणत्या अर्थाने हा शब्द वापरतो आहे, हे विचारल्याशिवाय किमतीची बोलणी सुरू करणे अनाठायी ठरते.

महाराष्ट्रातील मोटारींची वंशावळ

गाडी कोठे जन्मली हा दुसरा प्रश्न. फोर्डने कॅनडातील कंपनीच्या मार्फत 1926 मध्ये भारतात आपली कंपनी स्थापन केली. जनरल मोटर्सने 1928 मध्ये मुंबईत शिवडी येथे जोडणीचा कारखाना काढला. तेथे गाडी ‘बनत’ नसे. सुट्या भागांच्या पेट्या बोटीने येत आणि त्यांची जोडणी होई. पुढे टॅरिफ कमिशनच्या 1953 च्या अहवालानंतर शासनाने केवळ जोडणी करणाऱ्या कंपन्यांना थारा न देण्याचे धोरण स्वीकारले आणि या दोन्ही कंपन्यांनी भारतातील काम आवरते घेतले. मूळचे सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स मात्र टिकून राहिली. तिने 1954 पासून फियाट 1100 ही गाडी येथेच घडविण्यास सुरुवात केली.

या वंशावळीचे पारखीच्या दृष्टीने महत्त्व मोठे आहे. शिवडीत जोडलेल्या शेव्हरोलेचे सर्व तपशील अमेरिकेतील पुस्तिकेशी तंतोतंत जुळावेत असा आग्रह धरता येत नाही. उलट, एखादी गाडी ‘थेट विलायतेहून आणलेली’ असल्याचे सांगितले गेले तर तो दावा वंशावळीच्या कसोटीवर घासून पाहावा लागतो.

संस्थानिकांच्या गाड्यांबाबत हे विशेषत्वाने लागू होते. कोल्हापूरच्या शाही दसऱ्यात छत्रपती घराण्याची मेबॅक गाडी आजही लोक डोळे भरून पाहतात. तिची परंपरा निर्विवाद आहे. परंतु 1971 मध्ये तनखे रद्द झाल्यानंतर देशभरातील संस्थानिकांच्या कितीतरी गाड्या विकल्या गेल्या. परिणामी ‘ही अमुक महाराजांची गाडी’ हे वाक्य बाजारात नाण्यासारखे चालू लागले, आणि नाणे जितके फिरते तितके ते झिजते.

बखर आणि पत्र

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी 1898 मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध करताना बखरींवर किती विसंबावे याची परखड चर्चा केली. बखर घटनेनंतर लिहिली जाते. तिच्यात रंग भरलेला असतो. पत्र मात्र त्या क्षणीचे असते. जुन्या मोटारीच्या बाजारात विक्रेत्याची कहाणी ही बखर होय. चॅसिसवर ठोकलेला क्रमांक, इंजिनावरील क्रमांक आणि आरसी बुकातील नोंद ही पत्रे होत.

या पत्रांचे बहिरंग परीक्षण आधी करावे लागते. ठोकलेल्या अंकांची खोली सारखी आहे काय, अंकांभोवतीचा पत्रा घासून गुळगुळीत केला आहे काय, क्रमांकपट्टीचे रिव्हेट मूळचे आहेत की नवे, हे पाहावे. फोर्डच्या मॉडेल ए गाडीचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. 1927 च्या अखेरीस आलेल्या या गाडीच्या इंजिनावर जो क्रमांक असे तोच चॅसिसच्या डाव्या पट्टीवरही ठोकला जाई. मात्र चॅसिसवरील तो क्रमांक बॉडीखाली झाकला जाई, त्यामुळे बॉडी उचलल्याशिवाय तो सहसा दिसत नाही. इंजिन बदलले गेले असल्यास दोन क्रमांक जुळत नाहीत. जुळत नसतील तर गाडी खोटी ठरत नाही, पण ‘मूळ इंजिन’ हा दावा खोटा ठरतो. किमतीत याचाच फरक पडतो.

अंतरंग परीक्षणात नोंदणीची तारीख आणि निर्मितीची तारीख या दोहोंची गल्लत टाळणे सर्वांत महत्त्वाचे आहे. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदविली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्याने 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून बाद झाली. पद्मिनीचे उत्पादन मात्र त्या नोंदणीपूर्वीच थांबलेले होते. केवळ आरसी बुकावरून वय काढणाऱ्याची येथे फसगत होईल. पन्नास वर्षांची अट लागू असताना अशा एक-दोन वर्षांच्या फरकाला कायदेशीर अर्थ प्राप्त होतो.

नोंदणीक्रमांकही बोलका असतो. 1989 मध्ये देशभर आजची पद्धत आली, तेव्हापासून पुण्याला एमएच-12 आणि पिंपरी-चिंचवडला एमएच-14 हे संकेत मिळाले. तेव्हा तीसच्या दशकातील एखाद्या गाडीवर एमएच-14 ची पाटी दिसली, तर ती पाटी गाडीच्या तारुण्याची नसून उतारवयातील आहे हे उघड होते. मग त्यापूर्वीचा क्रमांक कोणता, तो कोणत्या राज्याचा, आणि मध्यंतरीची वर्षे गाडी कोठे होती, हे प्रश्न उपस्थित होतात. ज्या गाडीच्या इतिहासात अशी रिकामी पाने असतात तिची किंमत कमी व्हावी. प्रत्यक्षात मात्र त्या रिकाम्या पानांवरच बहुधा महाराजांची कथा लिहिली जाते.

पत्रा, लाकूड आणि इंजिन

कागदानंतर वस्तू. येथे प्राध्यापकी ज्ञानापेक्षा गॅरेजमधील मिस्त्रीचे ज्ञान श्रेष्ठ ठरते, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

फियाट 1100 आणि तिच्यापासून निघालेली पद्मिनी यांना स्वतंत्र चॅसिस नाही. बॉडीचा पत्राच साऱ्या गाडीचा भार वाहतो. म्हणून या गाडीत गंज हा सौंदर्याचा नव्हे तर सुरक्षिततेचा प्रश्न ठरतो. दारांखालचा उंबरा, पायाखालचा तळ, जॅक लावण्याच्या जागा आणि पुढच्या चाकांच्या सांगाड्याचे जोड हे प्रथम तपासले जातात. साधे लोहचुंबक येथे मोठे काम करते. जेथे पत्र्याऐवजी पुट्टी भरलेली असते तेथे ते चिकटत नाही किंवा अगदी ढिले चिकटते. तळाखालचा काळा डांबरी लेप ताजा असेल तर जाणता मिस्त्री आधी तेथेच पेचकस टेकवतो. पावसाळ्यात महिनोन्महिने ओलावा धरून ठेवणाऱ्या मावळपट्टीच्या हवेत उघड्यावर उभी राहिलेली गाडी आणि कोरड्या सोलापुरी हवेतील गाडी यांचा पत्रा एकाच वयाचा असूनही सारखा नसतो.

याउलट तीसच्या दशकाच्या प्रारंभापर्यंतच्या शेव्हरोलेसारख्या गाड्यांत पत्र्याच्या आत लाकडाची चौकट असे. वरून चकचकीत दिसणारी गाडी आतून भुसभुशीत असू शकते. त्याची खूण दारात सापडते. दार उघडून किंचित वर उचलून पाहावे. बिजागरी हलत असेल तर स्क्रू धरून ठेवणारे लाकूडच संपलेले आहे असे समजावे. सुतारकामाची ही दुरुस्ती इंजिनाच्या दुरुस्तीपेक्षा खर्चिक ठरू शकते, कारण अशी चौकट नव्याने घडविणारे कारागीर विरळ होत चालले आहेत.

इंजिनाची परीक्षा थंड अवस्थेत सुरू व्हावी. विक्रेत्याने गाडी आधीच गरम करून ठेवली असेल तर तेवढ्यानेच शंका घेण्यास जागा आहे. सुरू होताना निघणारा निळा धूर रिंगा किंवा व्हॉल्व्हगाइड झिजल्याचे सांगतो. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसल्यास पाणी तेलात मिसळत असण्याची शक्यता असते. कॉम्प्रेशन गेजने प्रत्येक सिलिंडरचे माप घेतले असता ते एकमेकांच्या सुमारे दहा टक्क्यांच्या आत असावे अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. आकडा थोडा कमी पण चारही ठिकाणी सारखा असेल तर ते सावकाश आलेले वार्धक्य होय, एकाच ठिकाणी घसरलेला असेल तर तो आजार होय. पुढचे चाक जॅकवर उचलून वर-खाली हलविल्यास किंगपिनचा ढिलेपणा हाताला कळतो.

गाडी चालवून पाहताना तिच्या काळाची मर्यादा ध्यानात ठेवावी लागते. मॉडेल एला चारही चाकांना ब्रेक होते, पण ते यांत्रिक होते, आणि तिच्या गिअरबॉक्समध्ये सिंक्रोमेश नव्हता. गिअर टाकताना झालेला खरखराट हा तेथे दोष नसून चालकाचे अज्ञान असू शकते. पद्मिनीचा गिअर स्टेअरिंगच्या दांड्यावर आहे; तो घसरत असेल तर बहुधा दांड्याच्या सांध्यांतील झीज कारणीभूत असते, गिअरबॉक्स नव्हे. हा भेद ओळखता न आल्याने चांगल्या गाड्या नाकारल्या गेल्याची आणि वाईट गाड्या स्वीकारल्या गेल्याची उदाहरणे गॅरेजांत नेहमी ऐकू येतात.

जबाबदारी कोणाची

पारखीचा हा खटाटोप हौसेपोटी करावयाचा नसून त्याला कायद्याचे अधिष्ठान आहे. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 19 मधील अपवादानुसार, चुकीच्या निवेदनामुळे किंवा फसव्या मौनामुळे संमती दिली गेली असली तरी, सामान्य तत्परतेने सत्य शोधून काढण्याचे साधन ज्याच्या हाती होते त्याला तो करार रद्द करवून घेता येत नाही. वस्तुविक्री अधिनियम, 1930 च्या कलम 16 चा रोखही सर्वसाधारणपणे खरेदीदाराने सावध राहावे असाच आहे. लोहचुंबकाने जे कळले असते ते न पाहिल्याचे खापर विक्रेत्यावर फोडणे म्हणूनच अवघड जाते.

2021 च्या नियमांनी या प्रश्नाला नवे वळण दिले. व्हिंटेज म्हणून नोंदणी झालेल्या गाडीला राज्याच्या संकेतानंतर ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये, तर पुनर्नोंदणीचे 5,000 रुपये ठरविण्यात आले आणि नोंदणीची मुदत दहा वर्षांची ठेवण्यात आली. मात्र अशी गाडी नियमित अथवा व्यापारी वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व दुरुस्ती एवढ्याच कारणांना मुभा आहे. लग्नाच्या वरातीसाठी किंवा चित्रीकरणासाठी भाड्याने देऊन खर्च भरून काढण्याचा हिशेब मांडणाऱ्याने हा नियम आधी वाचणे इष्ट ठरेल.

याहून गंभीर अडचण ‘मोठा फेरफार’ या शब्दप्रयोगात आहे. सडलेला तळ कापून नवा पत्रा जोडणे ही दुरुस्ती की फेरफार? लाकडी चौकट नव्याने घडविली तर बॉडी मूळची राहिली काय? फिवाने 2012 मध्ये स्वीकारलेल्या ट्युरिन सनदेत जतन, संवर्धन व पुनर्स्थापना यांत भेद केला आहे आणि झालेल्या कामाची नोंद ठेवण्यावर भर दिला आहे. भारतीय नियमात असा तपशील नाही. त्यामुळे प्रामाणिकपणे दुरुस्तीची सर्व बिले व छायाचित्रे जपणारा मालकच नोंदणीच्या वेळी अडचणीत येण्याचा आणि काहीच न सांगणारा मालक सुटण्याचा धोका संभवतो. बिले दाखविणाऱ्या विक्रेत्याला चार पैसे अधिक देणे हेच अशा स्थितीत शहाणपणाचे ठरते.

पिंपरीच्या कारखान्यातून टाटा सिएरा 1991 मध्ये बाहेर पडली. पन्नास वर्षांचा नियम कायम राहिल्यास तिच्या पहिल्या गाड्या 2041 मध्ये व्हिंटेज ठरतील. त्या जोडणाऱ्या कामगारांपैकी अनेक जण या औद्योगिक पट्ट्यात निवृत्त होऊन राहिले आहेत. कोणता बोल्ट मूळचा आणि कोणता नंतरचा हे त्यांच्या हातांना अद्याप ठाऊक आहे. ते लिहून घेण्याचे काम परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना या वर्षीच हाती घेता येईल.