नवा दात कशाच्या आधारावर?

दाढ गेली, आता तिथं काय बसवायचं? गोंदिया, तिरोडा किंवा आमगावच्या दवाखान्यात हा प्रश्न निघाला की तीन पर्याय समोर येतात: काढ-घाल करायची कवळी, शेजारच्या दातांवर बसणारा ब्रिज आणि लोक सरळ ‘स्क्रू’ म्हणतात तो इम्प्लांट. मग खर्च विचारला जातो, किती चकरा माराव्या लागतील ते विचारलं जातं आणि घरचे खिसा पाहून ठरवतात. खर्चाचा विचार करावाच लागतो. पण नवा दात कशाच्या आधारावर उभा राहणार, हे त्याआधी विचारायला हवं. शेजारच्या दातांच्या, हिरडीच्या की हाडाच्या? गेलेल्या दाताच्या जागी माणसानं आजवर जे जे बसवलं, ते सगळं या तीन आधारांतूनच आलं आहे.

सगळ्यात जुना आधार शेजाऱ्याचा. इटलीतल्या एट्रस्कन लोकांनी इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या सुमारास सोन्याची पट्टी वाकवून तिच्यात सुटा दात धरला आणि ती पट्टी आजूबाजूच्या धडधाकट दातांना अडकवली. आजचा ब्रिज त्याच वंशातला, पण एक मोठा फरक आहे. एका दातासाठी दोन्ही बाजूंचे दोन दात घासून बारीक करावे लागतात आणि एकदा घासलेलं पुन्हा भरून येत नाही. शेजारच्या दातांना आधीच कॅप असेल किंवा ते बरेच किडलेले असतील तर ब्रिज शहाणपणाचा. दोन्ही निरोगी असतील तर मात्र मी तरी आधी दहा वेळा विचार करीन.

दुसरा आधार हिरडीचा. जॉर्ज वॉशिंग्टन १७८९ साली अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा त्यांचा स्वतःचा एकच दात उरला होता. त्यांची कवळी पाणघोड्याच्या दातापासून कोरलेली होती आणि ती जागेवर धरायला स्प्रिंगा लावाव्या लागत. त्या काळच्या कवळ्यांत खऱ्या माणसांचे दातही बसवत. १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईनंतर मेलेल्या सैनिकांचे दात काढून विकले गेले. कवळी सामान्य माणसापर्यंत पोचली ती रबरामुळे. गुडइयर या संशोधकाच्या पद्धतीनं कडक केलेलं रबर १८५० च्या दशकात कवळीसाठी वापरात आलं. त्याचा साचा टाळूवर नेमका बसे आणि सोन्याच्या मानानं ते फार स्वस्त होतं. या रबराच्या पेटंटधारक कंपनीनं दंतवैद्यांकडून वसुली आणि त्यांच्यावर खटले यांचा एवढा सपाटा लावला, की १८७९ साली सॅन फ्रान्सिस्कोत एका दंतवैद्यानं कंपनीच्या खजिनदाराला गोळी घालून ठार केलं. १९३० च्या दशकाअखेरीस ॲक्रिलिक आलं. आज दवाखान्यात मिळणारी गुलाबी कवळी बहुधा त्याचीच.

कवळी वरच्या जबड्यात टाळूला चिकटून बसते, खालच्या जबड्यात मात्र ती हलते. जीभ तिला उचलते आणि खालचं हाडही झिजत जातं. पूर्ण दात गेलेल्यांचं वर्षानुवर्षं मोजमाप झालं, तेव्हा खालचं हाड वरच्याच्या सुमारे चौपट झिजतं असं दिसलं. धानाच्या मुलखात हे उशिरा कळतं. मऊ भात-वरण कवळी न लावताही गिळता येतं, म्हणून म्हातारं माणूस ‘चालतंय’ म्हणतं आणि फुटाणे, पेरू, कांदा हळूच ताटातून बाजूला होतात.

आपल्याकडे हे शास्त्र शिकवायला उशिरा सुरुवात झाली. डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात देशातलं पहिलं दंत महाविद्यालय काढलं. नागपूरला सरकारी दंत महाविद्यालय १९६८ साली उभं राहिलं. १९४८ च्या दंतवैद्य कायद्यानं नोंदवहीचे दोन भाग केले. पदवीधरांसाठी एक आणि पदवी नसूनही आधीपासून धंदा करणाऱ्यांसाठी दुसरा. नोंद नसलेलेही पुढं बरीच वर्षं रस्त्याकडेला बसून लगेच घट्ट होणारं ॲक्रिलिक शेजारच्या दातांना लिंपत आणि ‘फिक्स दात’ देत राहिले. त्या लिंपणाखाली अन्न अडकतं, हिरडी सुजते आणि आधार देणारे दोन्ही दातही हलायला लागतात.

तिसरा आधार हाडाचा. होंडुरासमध्ये १९३१ साली सापडलेल्या एका माया जबड्यात शिंपल्याचे तीन तुकडे दातांच्या जागी ठोकलेले होते आणि त्यांच्याभोवती हाड वाढलेलं होतं. पुढं सोनं, प्लॅटिनम, कोबाल्टचा मिश्रधातू, धातूची पातळ पाती असं बरंच काही जबड्यात बसवून पाहिलं गेलं. त्यातलं पुष्कळ टिकलं नाही. धातू आणि हाड यांच्यामध्ये मऊ पेशींचा थर तयार होई आणि दात डुगडुगू लागे.

कोडं सुटलं ते दातांशी संबंध नसलेल्या कामात. स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनेमार्क १९५२ साली सशाच्या पायात टायटेनियमची नळी बसवून हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. नंतर ती काढायला गेले तर निघेना. हाड तिला थेट जुळलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी योस्टा लार्सन या रुग्णाच्या खालच्या जबड्यात चार स्क्रू बसवले. लार्सन २००६ साली वारले, तोवर ते स्क्रू काम देत होते. यश नुसत्या धातूचं नव्हतं. ब्रोनेमार्क यांच्याच गटानं पुढं दाखवलं, की हाड मिनिटभर ४७ अंशांपर्यंत तापलं तरी इजा होते आणि स्क्रूशी जुळणं बिघडतं. म्हणून ड्रिल हळू फिरवायचं, सतत थंड सलाइन सोडायचं, आधी बारीक छिद्र पाडून ते टप्प्याटप्प्यानं रुंद करायचं. त्यानंतर त्यांच्या मूळ पद्धतीत खालच्या जबड्यात तीन-चार महिने आणि वरच्यात सहा महिने थांबत, मगच दात चढवत. आता हा काळ बराच कमी झाला आहे.

‘तीन दिवसांत पक्के दात’ ही जाहिरात पाहताना हा इतिहास आठवावा. अशा ठिकाणी बहुतेक वेळा बेसल इम्प्लांट असतात. ते हाडाच्या खोल, टणक थरात अडकवतात आणि त्यांवर लगेच दात चढवतात. काही रुग्णांना त्यांचा उपयोग होतो, पण नेहमीच्या इम्प्लांटइतका दीर्घ अनुभव त्यांच्या पाठीशी नाही. चार स्क्रूंवर सगळी दंतपंक्ती बसवायची रीतही आहे, ती महाग पडते. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो मधला मार्ग: खालच्या जबड्यात पुढं दोन स्क्रू आणि त्यांवर बटणासारखी टच्चकन बसणारी कवळी. २००२ साली मॉन्ट्रियलमध्ये जमलेल्या तज्ज्ञांनी खाली एकही दात नसलेल्यांसाठी पहिली निवड हीच असावी असं म्हटलं. आपल्याकडे ‘कवळी की फिक्स’ एवढंच विचारलं जातं, त्यामुळे ही गोष्ट कित्येकांच्या कानावरच येत नाही.

गोंदियात यात आणखी एक अडसर आहे, खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून तयार होणारा हा ऐवज गाल आतून ताठ करतो आणि तोंड उघडणं कमी कमी होत जातं. मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी तोंड आखडण्याच्या या आजाराचं वर्णन १९५३ मध्येच केलं होतं. तीन बोटं उभी जात नाहीत अशा तोंडात मागच्या दाढेपर्यंत ड्रिल नेणं अवघड, आणि नेलं तरी नंतर तिथं नीट ब्रश फिरत नाही. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत स्क्रू निकामी होण्याचं प्रमाण न ओढणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त असतं. साखर आटोक्यात नसलेल्या मधुमेह्यालाही हाच धोका आहे. म्हणून स्क्रूचा खर्च ठरवण्याआधी खर्रा सुटलाय का आणि साखरेचा तीन महिन्यांचा अहवाल काय म्हणतो, हे दोन्ही विचारणारा डॉक्टर खरा.

आणि स्क्रू बसवलाच, तर डॉक्टरांकडून कंपनीचं नाव, माप आणि बॅच क्रमांक लिहिलेलं कार्ड मागून घ्यावं. एका कंपनीचे भाग दुसरीच्या स्क्रूवर सहसा बसत नाहीत. दहा वर्षांनी वरचा भाग सैल झाला आणि डॉक्टर गाव सोडून गेलेले असले, तर नागपूरला कुठली चावी लागेल हे त्या कार्डावरूनच कळतं.