आयकर परतावा, एकल पालकाचा (चंद्रपूर-गडचिरोली)

वर्षभरात कापलेला कर देय करापेक्षा जास्त भरला, तर विवरणपत्र भरून परत मिळणारी रक्कम म्हणजे आयकर परतावा. अमेरिकेच्या संघीय आयकरात मुले सांभाळणाऱ्या एकट्या पालकाला ‘कुटुंबप्रमुख’ असा वेगळा दर्जा आणि मोठी वजावट आहे. भारतीय आयकरात तशी तरतूद नाही. विधवा, परित्यक्ता वा विधुर यांचा हिशेब इतरांसारखाच होतो.

चंद्रपूर-गडचिरोलीत एकल पालकाच्या परताव्याचा प्रश्न भरपाईच्या ठेवीतूनही येतो. वाघ-बिबट्याच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास महाराष्ट्र शासन वारसांना 25 लाख रुपये देते. त्यातला मोठा भाग मुदत ठेवीत राहतो. ठेवीवरचे व्याज करपात्र असते आणि ते वर्षाला 50 हजारांवर गेले की बँक 10 टक्के टीडीएस (उगमस्थानी करकपात) कापते. पॅन दिलेला नसेल तर 20 टक्के.

आर्थिक वर्ष 2025-26 चे उदाहरण घेऊ. मूल तालुक्यातील एका विधवेच्या नावे 15 लाखांची ठेव आहे, व्याजदर 7 टक्के. व्याज 1,05,000 रुपये, टीडीएस 10,500. धानाची रोवणी आणि तेंदूपत्ता संकलनाची मजुरी 90,000. एकूण उत्पन्न 1,95,000. नव्या करप्रणालीत 4 लाखांपर्यंत कर नाही, म्हणून 10,500 रुपये पूर्ण परत मिळतात. पण विवरणपत्र भरले तरच! कर लागत नाही म्हणून ते भरायचे राहते आणि मुलांच्या वह्यापुस्तकांचा पैसा सरकारजमा राहतो. हा सरळ अन्याय आहे.

अनुकंपा नोकरीतील पालकाचे गणित वेगळे. नव्या प्रणालीत पगारातून 75,000 रुपयांची प्रमाणित वजावट मिळते. कुटुंब निवृत्तिवेतनातून एक तृतीयांश किंवा 25,000, यांपैकी कमी असेल ती रक्कम वजा होते. पगार 9 लाख आणि निवृत्तिवेतन 3 लाख असल्यास करपात्र उत्पन्न 11 लाख, कर 50,000. मात्र 12 लाखांपर्यंत कलम 87ए ची सूट असल्याने देय कर शून्य, आणि कापलेले सगळे परत.

अज्ञान मुलाच्या ठेवीचे व्याज त्याला सांभाळणाऱ्या पालकाच्या उत्पन्नात धरतात. त्यापोटी मुलामागे 1,500 रुपयांची सूट फक्त जुन्या प्रणालीत आहे.

गडचिरोलीत आणखी एक समज आढळतो, की आदिवासींना आयकर नाही. कलम 10(26) ची ती माफी ईशान्येकडील ठरावीक प्रदेश आणि लडाख यांपुरती आहे. पाचव्या अनुसूचीतील गडचिरोली तिच्यात येत नाही.

विलंबित विवरणपत्र 31 डिसेंबरपर्यंत भरता येते. भरल्यावर 30 दिवसांत त्याची ई-पडताळणी करावी लागते. त्यानंतरही पाच वर्षांपर्यंत विलंबमाफीचा अर्ज करता येतो. कर लागणारच नसेल, तर दरवर्षी एप्रिलमध्येच बँकेत स्वयंघोषणापत्र द्यावे. मग टीडीएस कापलाच जात नाही. भरपाईची ठेव उघडताना वन कर्मचारी आणि बँकेने वारसांना एवढे सांगावेच.