आत्महत्यांचा भूगोल : खानदेश

आत्महत्यांचे प्रमाण प्रदेशागणिक बदलते आणि वर्षानुवर्षे टिकून राहते, हे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खेम याने १८९७ साली मांडले. भारतात ही तफावत टोकाची आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या, लाखामागे १२.४. केरळात हे प्रमाण २८.५, तर बिहारमध्ये अवघे ०.६, त्यात सुखापेक्षा नोंदीतल्या हयगयीचा वाटा मोठा असावा. संख्येने महाराष्ट्र पहिला (२२,७४६). शेतीवर जगणाऱ्या ११,२९० मृतांपैकी ४,२४८ इथलेच.

राज्यात शेतकरी आत्महत्यांचा पट्टा मुख्यतः कोरडवाहू कापसाचा. २००६ चे पंतप्रधान पॅकेज विदर्भातल्या सहा जिल्ह्यांना मिळाले. २०१५ मध्ये मराठवाड्याचे आठ धरून राज्याने चौदा जिल्हे आत्महत्याग्रस्त मानले. खानदेशातला जळगाव जिल्हा दोन्ही याद्यांबाहेर. त्याच जिल्ह्यातले वाघूर नदीकाठचे पहूर गाव जामनेर तालुक्यात येते. तालुक्याच्या पूर्वेला बुलढाणा, दक्षिणेला छत्रपती संभाजीनगर. दोन्ही जिल्हे त्या चौदात. जमीन काळी, पीक कपाशीचे, भरवसा पावसाचा. तालुक्याची हद्द ओलांडली म्हणून यातले काही बदलत नाही.

विहिरीला पाणी असलेला मेअखेरीस कपाशी लावतो, बाकीचे आभाळाकडे डोळे लावून बसतात. उघडीप लांबली की दुबार पेरणी. बियाणे-खते कृषी केंद्रातून उधारीवर आणायची, वेचणी होताच ती फेडायला खेडा खरेदीवाल्याला मिळेल त्या भावात कापूस घालायचा. विकासोचे (विविध कार्यकारी सहकारी सोसायटीचे) कर्ज मार्चअखेर नवे-जुने होते. थकले की पुढचे पीककर्ज अडते आणि सावकार गाठावा लागतो. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने हे गणित पार मोडले. त्यातच आजारपण, लेकीचे लग्न, दारू, घरातली भांडणे. देशभरच्या २०२२ च्या नोंदीत कौटुंबिक प्रश्न (३१.७ टक्के) आणि आजार (१८.४ टक्के) हीच कारणे वर आहेत, एकट्या कर्जावर बोट ठेवणे सोयीचे, पण अपुरे.

शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर कुटुंबाला मिळणारी सरकारी मदत एक लाख रुपयांची. नापिकी, अधिकृत कर्ज आणि वसुलीचा तगादा सिद्ध झाला तर प्रकरण ‘पात्र’. सातबाऱ्यावर नाव नसलेली बाई किंवा तोंडी बोलीवर जमीन कसणारा बटाईदार इथे सहज गळतो. शेतकऱ्यांवर एवढी चर्चा होते, पण २०२२ मध्ये देशातला सर्वांत मोठा गट रोजंदारी मजुरांचा होता, २६.४ टक्के.

प्रतिबंध शक्य आहे : अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी घातल्यानंतर श्रीलंकेतले प्रमाण निम्म्याहून खाली आले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला शिक्षेऐवजी उपचार देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. ‘टेली-मानस’ची १४४१६ ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू असून तिथे चोवीस तास मराठीत बोलता येते.