रुसलेल्या इंजिनाचा इतिहास

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातले अंतरवाली सराटी हे माझ्या मामांचे गाव. १९९२ सालच्या संक्रांतीला मी तिथे गेलो होतो. तेव्हा मी सहावीत होतो. गहू पोटरीत आला होता आणि नेमके त्याच वेळी विहिरीवरचे डिझेल इंजिन रुसले. मळ्यापर्यंत विजेचे खांब आलेले नव्हते. या अवस्थेत पाण्याची पाळी चुकली तर दाणा भरत नाही, त्यामुळे मामांचा जीव टांगणीला लागला होता.

आदल्या संध्याकाळी टाकीतले डिझेल संपून इंजिन बंद पडले होते. सकाळी टाकी भरली, पण हँडल मारून मारून मामांचे हात भरून आले तरी इंजिन ढिम्म. कोणी म्हणाले, थंडीने गारठले आहे, ऊब द्या. कोणी म्हणाले, पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन खोला. शेवटी शेजारच्या गावचे मिस्त्री सायकलवरून आले. त्यांनी काहीच खोलले नाही. मामांना हँडल मारायला सांगितले, स्वतः नोझलजवळ कान नेला आणि मला म्हणाले, "पोरा, धुराड्यातून धूर निघतो का, बघ."

धूर नव्हता. नोझलचा नेहमीचा कट् कट् आवाजही नव्हता. "मग डिझेल वर पोचतच नाही," मिस्त्री म्हणाले. एका पान्याने त्यांनी फिल्टरवरचा स्क्रू सैल केला. फसफसत फेस आला. फेस थांबून डिझेलची सलग धार लागल्यावर स्क्रू आवळला. मग पंपावरचा स्क्रू, मग नोझलकडे जाणाऱ्या नळीचा नट. पुढच्या हँडलला इंजिन धडधडू लागले.

मिस्त्रींनी नेमके काय केले? स्कूटरच्या पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग असतो. डिझेल इंजिनात तो नसतो. सिलिंडरमधली हवा जोराने दाबली की ती तापते. सायकलचा पंप मारताना त्याचे टोक गरम होते, तसेच. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा गेला की तो आपोआप पेटतो. म्हणजे इंजिन चालू होण्यासाठी मुख्यतः दोन गोष्टी हव्यात : पुरेशी तापलेली हवा आणि वेळेवर आलेला फवारा. हँडल मारताना पांढरा धूर निघाला, तर डिझेल आत जाते आहे पण पेटत नाही. मग दोष थंडीत किंवा दाबात शोधायचा. धूरच नसेल तर डिझेलच्या वाटेवर शोधायचा. एका प्रश्नाने मिस्त्रींनी निम्म्या शक्यता बाद केल्या.

गंमत अशी, की हे दोन प्रश्न या इंजिनाच्या इतिहासातलेही दोन मोठे प्रश्न आहेत.

पहिला प्रश्न उष्णतेचा. इंग्लंडच्या हर्बर्ट अॅक्रॉइड स्टुअर्ट यांनी १८९० मध्ये पेटंट घेतलेल्या इंजिनात हवा फारशी दाबली जात नसे. त्यामुळे सुरुवातीला सिलिंडरला जोडलेला एक पोकळ गोळा बाहेरून दिव्याने तापवावा लागे. जर्मनीत रुडॉल्फ डिझेल यांनी ही उष्णता केवळ दाबातून मिळवायचे ठरवले. १० ऑगस्ट १८९३ रोजी आउग्सबुर्गच्या कारखान्यात त्यांचे पहिले इंजिन बाहेरच्या शक्तीने फिरवून आत इंधन सोडले. ते पेटले खरे, पण दाब मोजणारे उपकरणच फुटले. इंजिन स्वतःच्या बळावर काही चालले नाही. पुढल्या वर्षी ते जेमतेम मिनिटभर चालले. १८९७ च्या चाचणीत मात्र इंधनातल्या ऊर्जेचा सुमारे २६ टक्के भाग कामी आला. वाफेच्या इंजिनांपेक्षा हे प्रमाण कितीतरी अधिक होते.

दुसरा प्रश्न इंधन आत ढकलण्याचा. दाबलेल्या हवेच्या विरुद्ध डिझेल घुसवायला त्याहून मोठा दाब लागतो. डिझेल यांना त्यासाठी वेगळी दाबलेली हवा वापरावी लागली. तिचा कॉम्प्रेसर इतका बोजड, की असे इंजिन शेतात नेणे अवघडच. १९२७ मध्ये रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने इंधनाचा अचूक पंप मोठ्या संख्येने बनवायला सुरुवात केली आणि लहान डिझेल इंजिनांची वाट मोकळी झाली.

हा पंप किती नाजूक काम करतो, याचा हिशेब वर्गात करता येईल. पाच अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण भारावर तासाला साधारण १.१ लिटर डिझेल खाते असे धरू. मिनिटाला १५०० फेरे, आणि दर दोन फेऱ्यांना एक फवारा. म्हणजे तासाला ४५,००० फवारे. ११०० मिलिलिटरला ४५,००० ने भागा. एका फवाऱ्यात सुमारे ०.०२४ मिलिलिटर डिझेल, म्हणजे ज्वारीच्या एका दाण्याएवढे!

नोझल उघडायला वातावरणाच्या सुमारे २०० पट दाब लागतो. नळीत ज्वारीच्या काही दाण्यांएवढी हवा अडकली, तर पंपाचा सारा दट्ट्या ती हवा आकसवण्यातच खर्ची पडतो. दट्ट्या मागे गेला की हवा पुन्हा फुगते. दाब चढतच नाही, नोझल उघडत नाही. मामांच्या मळ्यातल्या गव्हाचे पाणी अडले होते ते एवढ्याशा हवेपायी.

महाराष्ट्राच्या विहिरींवर पूर्वी बैलांची मोट चाले. साताऱ्यात कूपर यांच्या कारखान्याने १९३० च्या दशकात डिझेल इंजिने बनवली. पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ मध्ये स्थापन झाली. १९५१ मध्ये बेंगळुरूत मायको सुरू झाली आणि पुढे इंधनाचे पंप व नोझलही देशात तयार होऊ लागले. कारखान्यांनी इंजिन गावात आणले. ते चालते ठेवले ते मात्र पाना घेऊन सायकलवर फिरणाऱ्या मिस्त्रींनी. आज बहुतेक विहिरींवर विजेची मोटर आहे, काही ठिकाणी सौरपंप आहेत. यंत्र बदलले, पण दोष शोधायची रीत तीच आहे.

शिक्षकांनी एक प्रयोग जरूर करून पाहावा. सुया काढलेल्या दोन सिरिंज एका बारीक नळीने जोडा. सगळीकडे पाणी भरा. एक दट्ट्या दाबला की दुसरा लगेच सरकेल. आता नळीत थोडी हवा राहू द्या आणि दुसरा दट्ट्या बोटाने घट्ट धरा. काय फरक जाणवतो, ते मुलांनाच सांगू द्या. कारण आधी सांगू नका.

आणखी एक. एखाद्या मुलाचे उत्तर चुकले की आपण अख्खे गणित पुन्हा करायला लावतो. म्हणजे इंजिनच खोलायला घेतो. त्याऐवजी कुठल्या पायरीपर्यंत सगळे बरोबर होते, एवढेच आधी विचारून पाहावे. मिस्त्रींनीही धूर निघतो का, एवढेच विचारले होते.