परम, इर्जिक आणि राखण

मुंबई-नागपूर लोहमार्गावर अकोला आणि बडनेरा यांच्या दरम्यान मूर्तिजापूर लागते. त्या तालुक्यातील मुरंबा या गावी १९४६ साली डॉ. विजय भटकर यांचा जन्म झाला. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या 'सी-डॅक' या संस्थेचे नेतृत्व करीत त्यांनी १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक देशापुढे ठेवला. ही कथा आपल्याकडे एका ठरावीक साच्यात सांगितली जाते: अमेरिकेने क्रे कंपनीचे बलाढ्य यंत्र नाकारले, कमी ताकदीचे दिले तेही देखरेखीच्या अटी घालून, मग स्वाभिमान जागा झाला आणि तीन वर्षांत आपण आपला महासंगणक घडवला. हा साचा खोटा नाही. पण आख्यानाला नायक, खलनायक आणि मुदत एवढेच पुरते, आणि त्या नादात मूळचा बौद्धिक पेच गळून पडतो. साहित्याच्या अभ्यासकांना आख्यानाची ही खोड नवी नसावी.

पेच असा. 'परम ८०००' मध्ये ६४ प्रोसेसर होते, आणि ते 'ट्रान्सप्युटर' ब्रिटनमधील इन्मॉस कंपनीचे होते. म्हणजे 'स्वदेशी' हे विशेषण सुट्या भागांना लागू पडत नाही. स्वदेशी होती ती जोडणी, आणि चौसष्ट जणांना एकाच कामाला लावणारी 'परास' ही प्रणाली. (देवनागरीला संगणकावर आणणाऱ्या 'जिस्ट' तंत्राची वाढही याच संस्थेत झाली. त्यावर स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे.)

सीमूर क्रे यांच्या नावावर एक प्रश्न सांगितला जातो: शेत नांगरायला दोन दणकट बैल हवेत, की १०२४ कोंबड्या? क्रे यांचा कौल अर्थातच बैलांच्या बाजूने होता. ज्यांच्या कृषिसंस्कृतीत इर्जिक आहे त्यांना मात्र या प्रश्नातील उपहास अपुरा वाटेल. पाच-दहा घरच्या बैलजोड्या एका शेतात उतरतात आणि एकट्याला आठवडाभर न आवरणारी नांगरट दिवसात उरकते. अट एवढीच, की शेत पाडता आले पाहिजे आणि एकाची ताशी दुसऱ्याच्या ताशीत घुसता कामा नये. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये या अटीचा हिशेब मांडला. कामाचा दहावा हिस्सा जर वाटून देता येत नसेल, तर कितीही जोड्या आणा, काम दहा पटींहून वेगाने होणार नाही. इर्जिकीत तो न वाटता येणारा हिस्सा बहुधा जेवणावळीचा असतो!

खरे वळण आले ते १९९४ मध्ये. अमेरिकेतील 'नासा'च्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी बाजारात मिळणारे १६ साधे संगणक साध्या इथरनेटने जोडले, त्यावर लिनक्स चढवले, आणि त्या समूहाला 'बेवुल्फ' हे जुन्या इंग्रजी महाकाव्याचे नाव दिले. त्या काव्यातील वीराच्या मुठीत तीस माणसांचे बळ असल्याचे वर्णन आहे. नाव ठेवणाऱ्याला वाङ्मयाची जाण होती, असेच म्हणावे लागेल. पुढे आपल्याकडेही १९९८ च्या 'परम १००००' मध्ये सन कंपनीचे तयार सर्व्हर जोडले गेले, आणि २००७ मध्ये पुण्यातीलच टाटांच्या 'एका' या क्लस्टरने जागतिक यादीत चौथा क्रमांक मिळवला. पण मला महत्त्वाची वाटते ती क्रमवारी नव्हे. बेवुल्फने महासंगणक राष्ट्राच्या हातून काढून प्रयोगशाळेच्या, किंबहुना जिल्ह्याच्या गावातील महाविद्यालयाच्याही आवाक्यात आणला.

यंत्रमानवाच्या संशोधनाला या आवाक्याचा अर्थ फार मोठा आहे. २०१८ मध्ये 'ओपनएआय'ने एका यांत्रिक हाताला ठोकळा बोटांवर फिरवायला शिकवले. शिक्षण झाले ते प्रत्यक्ष हातावर नव्हे, तर ६,१४४ प्रोसेसर-गाभ्यांवर एकाच वेळी चाललेल्या आभासी हातांवर; पन्नास तासांत सुमारे शंभर वर्षांचा सराव. एवढे बळ सगळ्यांना कोठून मिळणार? पण सोळा संगणकांवर सोळा आभासी हात चालवता येतात, आणि तत्त्व तेच राहते.

येथून पुढचा इतिहास मात्र लिहिला गेलेला नाही, कारण तो राखण करणाऱ्यांचा आहे. प्रत्येकी दोनशे वॅटचे सोळा संगणक म्हणजे बंद खोलीत अखंड पेटलेल्या एकेक किलोवॅटच्या तीन शेगड्या. बाहेर अकोल्याचा मे, पारा पंचेचाळीस अंशांवर. वातानुकूलन यंत्राला लागणारी वीज निराळीच. २००० नंतरच्या दशकात वऱ्हाडाने भारनियमनाचे जे दीर्घ तास भोगले, त्यांत पंखा चालण्याची मारामार, तिथे क्लस्टरची कथा काय! अशा खोलीचा सांभाळ करणारा माणूस शोधनिबंधाच्या आभारात क्वचित येतो, लेखकांत कधीच नाही. प्रत्येक नोडवर वापरकर्त्याचा क्रमांक एकच आहे ना, हे तो पाहतो. कामांची रांग लावतो, आणि 'माझे काम आधी' म्हणणाऱ्या प्राध्यापकांचा रोष पत्करतो.

वीज परतल्यावर सगळे खटके एकदम वर करायचे नसतात. आधी नेटवर्कचा स्विच, मग साठवणुकीचा सर्व्हर; त्याच्या डिस्क तपासून झाल्या की मुख्य नोड, आणि नंतर थोड्या थोड्या अंतराने बाकीचे, म्हणजे तारांवर एकदम भार येत नाही. सगळ्यांची घड्याळे जुळली आहेत याची खात्री झाली की शेवटी रांग उघडायची. ज्याने आपल्या प्रोग्रॅममध्ये मधूनमधून जतन करण्याची सोय ठेवलेली असते, त्याचे काम थांबले होते तिथून पुढे चालू लागते. बाकीच्यांचे पुन्हा पहिल्या ओळीपासून.